समोशाची गोष्ट आणि कारखान्याची गोष्ट : ‘मोटू पतलू’ घडवणाऱ्या कंपनीकडे पाहताना

(पोखर्णी, जि. परभणी इथं नृसिंह जयंतीच्या उत्सवाला जोडून झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



परभणीहून परळीच्या गाडीत बसलं की वाटेत आपलं स्टेशन लागतं आणि पाटीवर गावाच्या नावाला देवाचं नाव जोडलेलं दिसतं. आज सकाळी उतरलो, देवदर्शन केलं आणि ज्यांच्या घरी आमचा मुक्काम आहे तिथं चहाला बसलो. समोर टीव्ही चालू होता. पाच-सहा वर्षांचा नातू जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन कार्टून पाहत होता. आजीनं विचारलं, “बाळा, भाजी वाढू का?” पोरगं पडद्यावरून नजर न काढता म्हणालं, “नहीं चाहिए.” (हशा) आजीनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं आणि भाजी वाढली. आम्ही मात्र ऐकलं. आजच्या व्याख्यानाची सुरुवात तिथंच झाली असं समजा.

पडद्यावर ‘मोटू पतलू’ होतं. विषयाची चिठ्ठी आयोजकांकडं आधीच गेली होती, तेव्हा हा योगायोग आम्ही जुळवून आणलेला नाही. आम्हाला बोलायचं आहे ते हे कार्टून बनवणाऱ्या कंपनीबद्दल. सिनेमावर बोलायचं म्हटलं की आपण नट बघतो, दिग्दर्शक बघतो, गाणी बघतो. मुलांच्या कार्टूनबद्दल बोलताना मात्र एवढंच विचारतो, “चांगलं की वाईट? पोरं बिघडतात का?” ते बनवतं कोण, कुठं बनतं, पैसा कुणाचा आणि काम कुणाचं, हे आपण विचारत नाही. आपल्या घरात रोज दोन-तीन तास बोलत बसणारा हा पाहुणा आहे. त्याचं गाव-नाव विचारायला नको का?

आधी थोडं मागचं

हलत्या चित्रांचा धंदा महाराष्ट्राला नवा नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला होता. नुसत्या आगकाड्या कॅमेऱ्यासमोर मांडायच्या, एक चित्र घ्यायचं, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चित्र घ्यायचं. आज तो चित्रपट उपलब्ध नाही. त्याच्याही आधी, सिनेमासाठी भांडवल मिळावं म्हणून, फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून पडद्यावर दाखवली होती. बी रुजतंय, कोंब येतोय, वेल चढतोय, हे बघणाऱ्याला मिनिटभरात दिसलं. हे रोप लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडं परत यायचं आहे.

पुढं पुण्यात प्रभातनं १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा कार्टूनपट काढला. स्वातंत्र्यानंतर सरकारी फिल्म्स डिव्हिजननं मुंबईत १९५६ मध्ये कार्टूनचा स्वतंत्र विभाग सुरू केला. तिथं शिकवायला डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स आले आणि जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ हा पट १९५७ मध्ये तयार झाला. त्या विभागात जे तरुण शिकले त्यांत राम मोहन होते. पुढं त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. युनिसेफसाठी ‘मीना’ची चित्रमालिका घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. इथल्या काही ताईंना ती पोपटवाली मीना आठवत असेल.

आणि चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांना आणखी एक नक्की आठवेल. दूरदर्शनवर लागायचा तो ‘एक अनेक और एकता’, साल १९७४. मुलं, चिमण्या आणि जाळं. विजया मुळे यांनी तो केला, संगीत वसंत देसाईंचं. दोन्ही नावं मराठी. पट हिंदीत होता, पण त्यात एक गोष्ट होती जी आज बघितली तर अंगावर येते. तो सावकाश आहे. ताई समजावून सांगते, मूल प्रश्न विचारतं, ताई थांबते. मूल विचार करील एवढी जागा त्या पटात आहे. मुलाला तिथं गिऱ्हाईक समजलेलं नाही.

हे सगळं सोनेरी होतं असं आम्ही म्हणत नाही. सरकारी विभागाचं काम थोडं आणि हळू होतं. मुलांसाठी रोज संध्याकाळी काही दाखवावं असं कुणाला सुचलं नाही, सुचलं असतं तरी तेवढा पैसा नव्हता. ती रिकामी जागा पुढं बाहेरच्यांनी भरली. १९९५ ला कार्टून नेटवर्क आलं, मग एकेक वाहिनी येत गेली, जपानी मालिका हिंदीत बोलू लागल्या. डोरेमॉन आणि शिनचॅन आपल्या घरातले झाले.

कंपनी

आता मुख्य मुद्द्यावर येतो. १९९६ मध्ये मुंबईत केतन मेहता आणि दीपा साही यांनी जी संस्था उभी केली ती आज कॉसमॉस-माया या नावानं ओळखली जाते. केतन मेहता हे कुणी साधे व्यावसायिक नव्हेत. गुजरातीत भवाई या लोकनाट्याच्या बाजानं त्यांनी १९८० मध्ये ‘भवनी भवाई’ केला. स्मिता पाटीलचा ‘मिर्च मसाला’ त्यांचाच. संगणकावर चित्र घडवता येतं, हे ज्यांना इथं लवकर कळलं त्यांपैकी ते एक. १९९८ ला दूरदर्शनवर आलेली ‘कॅप्टन व्योम’ ही अंतराळातली मालिकाही त्यांचीच. तेव्हा ती बघायला गावात ज्यांच्याकडं टीव्ही होता त्यांच्या ओट्यावर पोरं जमायची.

पुढं २००१ मध्ये त्यांनी ॲनिमेशन शिकवणारी संस्था काढली. ‘मॅक’ या नावानं तिच्या शाखा गावोगाव निघाल्या. २०१० मध्ये ती संस्था ॲपटेक या कंपनीनं घेतली. या सालांकडं नीट बघा. आधी स्टुडिओ, मग स्टुडिओला हात पुरवणारी शाळा, मग शाळेची विक्री. यात गैर काही नाही, धंदा असाच वाढतो. पण धंद्याची ही चाल लक्षात घेतली की पुढचं समजतं.

त्या काळात मुंबई-हैदराबादच्या बहुतेक स्टुडिओंचं पोट बाहेरच्या कामावर चालायचं. गोष्ट अमेरिकेची, पात्रं युरोपची, इथं फक्त हलवून द्यायची. शेत दुसऱ्याचं, आपण रोजंदारीवर. आपल्या मालकीची पात्रं असावीत, म्हणजे माल एकदा घडवून पुन्हा पुन्हा विकता येईल, ही जाणीव हळूहळू आली. हैदराबादच्या ग्रीन गोल्डनं २००८ ला पोगोवर ‘छोटा भीम’ आणला आणि हे होऊ शकतं हे सगळ्यांना दिसलं. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये निक वाहिनीवर कॉसमॉस-मायाचं ‘मोटू पतलू’ आलं.

ही पात्रं कंपनीनं निर्माण केलेली नव्हती. ‘लोटपोट’ नावाच्या हिंदी बालनियतकालिकात ती कितीतरी वर्षं छापून येत होती. कंपनीनं ती घेतली, त्रिमितीत उभी केली आणि फुरफुरीनगर नावाचं गाव त्यांच्याभोवती वसवलं. मालिकेचं आणि २०१६ ला आलेल्या त्यांच्या मोठ्या चित्रपटाचं दिग्दर्शन सुहास कडव यांचं. मालिका तुफान चालली. पाठोपाठ ‘शिवा’ आणि इतर मालिका आल्या. २०१८ मध्ये केकेआर या अमेरिकी गुंतवणूक समूहाच्या पाठबळावरच्या एमराल्ड मीडियानं कंपनीत हिस्सा घेतला, २०२१ मध्ये ती न्यूक्वेस्ट या गुंतवणूकदारांकडं गेली.

म्हणजे भवाईच्या खेळापासून निघालेला माणूस, समोसे खाणारा मोटू, आणि शेवटी परदेशी गुंतवणूक निधी. पंचवीस वर्षांचा प्रवास आहे हा.

चांगलं काय

टीका करायची तर आधी ज्याचं त्याला द्यावं. ‘मोटू पतलू’त काही गोष्टी आम्हाला मनापासून आवडतात.

पहिली गोष्ट, ही जोडी आपली आहे. एक जाडा, एक काटकुळा, एक भुकेला, एक डोकेबाज. तमाशातला सोंगाड्या आठवा. जत्रेत बत्ताशाच्या दुकानासमोर उभं राहून उधारी मागणारा गडी आठवा. चहावाल्याचे समोसे फस्त करून पळणारा मोटू त्याच वंशातला. कुणा परदेशी सुपरहीरोचा अंगरखा त्याला घातलेला नाही.

दुसरी गोष्ट, यात देव नाहीत. आपल्याकडं भारतीय कार्टून म्हटलं की हनुमान, कृष्ण, गणेश आलेच. त्यातलं काही चांगलंही आहे. व्ही. जी. सामंतांचा २००५ चा ‘हनुमान’ थिएटरात मुलांनी डोक्यावर घेतला होता. पण देवाची गोष्ट घेतली की श्रद्धेच्या आड कच्चं काम खपून जातं. मोटूला ती सोय नव्हती. त्याला हसवूनच जगावं लागलं आणि त्यानं हसवलं.

तिसरी गोष्ट आवाजाची. अनेक पात्रांचे आवाज एकट्या सौरव चक्रवर्तींनी दिले आहेत. बहुरूपी माणूस एका अंगात दहा सोंगं कशी घेतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं कसब कळेल.

खटकतं काय

आता दुसरी बाजू. इथं आम्हाला थोडा हिशोब मांडू द्या, कारण कार्टूनची गोष्ट बरीचशी हिशोबातून ठरते.

पडद्यावर हालचाल दिसायला सेकंदाला २४ चित्रं लागतात. एक भाग साधारण ११ मिनिटांचा. ११ गुणिले ६० गुणिले २४ केलं की १५,८४० चित्रं होतात. हातानं काढायची म्हटलं, आणि एक चित्र दोनदा वापरण्याची काटकसर केली, तरी आठ हजारांच्या घरात जातात. एका भागाला एवढी, आणि वाहिनीला भाग हवेत शेकड्यांनी.

संगणकावरच्या त्रिमितीत वेगळा रस्ता आहे. मोटूचं बाहुलं एकदा घडवायचं. आत हाडांचा सापळा बसवायचा, तोंडाच्या हालचाली बसवायच्या. हे काम महाग आणि वेळखाऊ. पण एकदा झालं की तेच बाहुलं हजार भागांत नाचवता येतं. घरं, रस्ता, चहाची टपरी यांचंही तसंच. म्हणजे जे आधी बनलेलं आहे ते स्वस्त आणि नवं काहीही महाग.

आता याचा परिणाम गोष्टीवर काय होतो बघा. लेखकाला सुचलं की मोटू-पतलू एका खेड्यात जातात, तिथं बाजार भरलाय, शे-दोनशे माणसं आहेत, बैलं आहेत, पावसानं चिखल झालाय. निर्माता म्हणणार, छे! नवी माणसं, नवी बैलं, नवा चिखल, परवडायचं नाही. त्यापेक्षा डॉक्टर झटकानं एक यंत्र बनवलं, ते बिघडलं, जॉनच्या हाती लागलं, धावपळ झाली, शेवटी मोटूनं समोसा खाल्ला आणि गुंडांना बदडलं. रस्ता तोच, माणसं तीच, एक यंत्र काय ते नवं. म्हणून गोष्ट पुन्हा पुन्हा यंत्राची असते. पोरं म्हणतात गंमत आहे, आणि आहेच. पण त्या फुरफुरीनगरात रस्ते रिकामे का, बायका इतक्या थोड्या का, शेत का दिसत नाही, मुलांच्या मालिकेत मुलंच का नाहीत, याचं एक उत्तर या हिशोबात आहे.

सगळं उत्तर मात्र तिथं नाही. बाहुलं बाईचं केलं असतं तरी खर्च तेवढाच आला असता. तिथं निवड होती आणि ती निवड केली गेली नाही. राम मोहनांच्या ‘मीना’शी ताडून बघा. तिथं एक मुलगी होती, तिला शाळेत जायचं होतं, घरात ‘कशाला’ म्हणणारी माणसं होती. ती पोपटाला शाळेत धाडते, त्याच्याकडून शिकते आणि कोंबड्या मोजून चोर पकडते. खेड्यापाड्यांतल्या मुलांना, आईबापांना विचारून विचारून ते पात्र घडवलं गेलं होतं. मीना घडवणाऱ्यांना पैसा युनिसेफचा होता हे खरं, त्यांना जाहिरातदाराला उत्तर द्यायचं नव्हतं. तरी एवढं सिद्ध झालं की आपल्या अंगणातल्या मुलीवरही पोरं खिळून बसतात.

दुसरं खटकणारं म्हणजे बोलीची थट्टा. इन्स्पेक्टर चिंगम दाक्षिणात्य ढंगानं हिंदी बोलतो, घसीटाराम बंगाली ढंगानं, झटका पंजाबी ढंगानं. हसू येतं. पण मुलाच्या मनात एक रेघ ओढली जाते की एक भाषा सरळ असते आणि बाकीच्या वाकड्या. आपण मराठवाड्यातली माणसं आहोत. पुण्या-मुंबईच्या मालिकांत आपली बोली कुठं वापरतात? नोकराच्या नाहीतर गुंडाच्या तोंडी. आपल्याला ते लागतं की नाही? मग दुसऱ्याच्या बोलीवर आपल्या पोरांनी का हसावं?

तिसरी गोष्ट त्या सकाळच्या ‘नहीं चाहिए’ची. आम्ही हिंदीच्या विरोधात नाही. या भागात हिंदी, उर्दू, दखनी सगळं पिढ्यान् पिढ्या नांदलंय. दुखणं वेगळं आहे. ही कंपनी मुंबईची. तिच्यात काम करणारे कितीतरी हात मराठी. पण गोष्ट मुळात मराठीत सुचलीय, मराठीत लिहिलीय आणि मग दुसऱ्या भाषांत गेलीय, असं होत नाही. मराठी आली तर ती मागाहून, आवाज बदलून. आणि बदललेल्या आवाजाच्या मागं ओठ दुसऱ्याच भाषेचे हलत असतात.

आणि आपल्याकडं पात्रं नव्हती असंही नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू १९९१ पासून घराघरांत रोज सकाळी वर्तमानपत्रातून यायचा, तोही रेषांमधूनच. ‘लोटपोट’मधून मोटू उचलला गेला, चिंटूवर मात्र २०१२ ला जो चित्रपट आला तो खऱ्या मुलांना घेऊन. त्याच वर्षी मोटू पडद्यावर हलायला लागला. दोष एकट्या कंपनीच्या माथी कशाला मारायचा? मराठी वाहिन्यांनी, मराठी निर्मात्यांनी, आणि मराठी आईबापांनी मुलांसाठीच्या मराठी कार्टूनची मागणी कधी जोरात केली? आपण तिन्हीसांजेला सासू-सुनेच्या मालिकेत रमलो आणि पोराच्या हातात दुसरा पडदा दिला.

हातांची गोष्ट

आता जे सांगणार आहोत ते घरचं आहे. आमच्या नात्यात एक मुलगा आहे. गंगाखेडकडचा, कोरडवाहू शेती, बाप सोयाबीन-कापूस करणारा. पोराचा हात चित्रात चांगला. बारावीनंतर कुणीतरी सांगितलं, ॲनिमेशन शिक, लाख रुपये पगार. शहरात एक संस्था होती, नाव सांगायचं कारण नाही. बापानं कर्ज काढून फी भरली. पोरगं शिकलं, मुंबईला गेलं. एका स्टुडिओत काम मिळालं, त्याचंही नाव नको. काम काय? परदेशी चित्रपटातल्या माणसांच्या कडा संगणकावर एकेका चित्रात कोरून काढायच्या. दिवसाचे बारा-बारा तास. त्यानं फोनवर सांगितलं होतं, “काका, चार महिने एकाच माणसाचे केस कोरतोय. पिक्चर कोणता ते माहीत नाही.” पुढं स्टुडिओचं काम आटलं, शेवटचे दोन पगार बुडाले, पोरगं परत आलं. आज तो परभणीत लग्नाचे अल्बम करतो. वाईट चाललंय असं नाही. पण जो हात मोर काढायचा, तो आता नवरदेवाच्या मागं स्वित्झर्लंड चिकटवतो. (हशा) हसू नका मंडळी, आम्हीही आधी हसलो होतो.

हे सांगण्यामागं तक्रार एवढीच की ॲनिमेशनचा इतिहास लिहिताना आपण साल, मालक आणि नफा लिहितो. गावाकडून गेलेले हात त्यात येत नाहीत. श्रेयनामावली वेगानं वर सरकते, कधी कधी वाहिनी ती कापूनच टाकते. पोरांनो, तुम्ही कधी कार्टूनच्या शेवटी नावं वाचलीत? उद्यापासून वाचा. त्यात एखादं जाधव, एखादं शेख, एखादं कांबळे सापडेल. तो कुणाच्या तरी गावचा आहे.

नृसिंहाच्या गावात

शेवटाकडं येतो. आपण नृसिंहाच्या गावात बसलोय, तेव्हा ही गोष्ट टाळता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट थिएटरांत आला. अश्विन कुमार दिग्दर्शक, क्लीम प्रॉडक्शन्सची निर्मिती. लोकांनी चपला बाहेर काढून तो पाहिला असं आपण ऐकलं. भारतीय ॲनिमेशनला एवढी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती. इथूनही गाड्या करून मंडळी परभणी-नांदेडला गेली असतील. आम्हीही पाहिला. शेवटची लढाई जोरदार आहे, त्यात वाद नाही.

पण आमचं मन अडकलं ते प्रल्हादापाशी. काय आहे मुळात ही गोष्ट? एक लहान मूल आहे. बाप राजा आहे, सगळं जग बापाला घाबरतं, आणि मूल बापाच्या तोंडावर म्हणतं, “मला पटत नाही.” ओरडत नाही, मारामारी करत नाही, जागचं हलत नाही. नृसिंह नंतर येतो. खांब फुटण्याआधी त्या पोराचा धीर फुटलेला नसतो म्हणून येतो. कीर्तनकार ही गोष्ट सांगताना प्रल्हादावर तासभर थांबतो आणि नृसिंह शेवटच्या पाच मिनिटांत आणतो. मोठ्या पडद्याचं गणित उलटं असतं, कारण पैसा गर्जनेत दिसतो, पोराच्या गप्प बसण्यात दिसत नाही.

आणि आता फुरफुरीनगर आठवा, ढोलकपूर आठवा. भीम राजाला वाचवतो, मोटू गावाला वाचवतो. मोठ्यांना ‘पटत नाही’ म्हणणारं मूल तिथं किती वेळा भेटतं? मुलांच्या मालिकांबद्दल आमचं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं मारामारीचं नाही, हिंदीचंही नाही. आमचं गाऱ्हाणं हे की त्यांत मुलाला ताकद दिली जाते, मत दिलं जात नाही. लाडू खाल्ला, समोसा खाल्ला, अंगात बळ आलं. प्रल्हादानं काय खाल्लं होतं?

मग करायचं काय? कंपनी काढा असं सांगायला आम्ही आलो नाही. कंपनीला जे शक्य नाही ते गावाला शक्य आहे, एवढंच म्हणतो. चित्रं दाखवत गोष्ट सांगायची रीत आपल्याकडं जुनी आहे. चित्रकथीची परंपरा कोकणात पिंगुळीला अजून जिवंत आहे, आणि तिच्या चित्रांच्या एका शैलीला तर आपल्या पैठणचंच नाव आहे. आज प्रत्येक घरात एक कॅमेरा आहे. मोबाइल एका जागी पक्का बांधा. सेकंदाला १२ चित्रं धरली तर एका मिनिटाला ७२० होतात. शाळेतल्या तीस पोरांनी वाटून घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला चोवीस. मातीचा प्रल्हाद करा, काडेपेटीचा खांब करा. सेट लावायला भांडवल नको, गोष्ट तुमची, बोली पोखर्णीची.

आणि ते जमत नसेल तर फाळक्यांचं रोप करा. आता महिनाभरात मृग लागेल. कुंडीत सोयाबीनचे चार दाणे टोचा आणि रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागेवरून फोटो घ्या. एखाद्या दिवशी विसराल, तिथं कोंब एकदम उडी मारलेला दिसेल. मग पोरांना कळेल की एक चित्र कमी झालं की काय होतं. ज्याला हे कळलं तो पुन्हा कार्टून बघताना नुसता बघत बसणार नाही.

एवढं बोलून थांबतो.

(व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरं, थोडक्यात)

एक पालक : सर, तुमचं सगळं पटलं, पण आम्ही दोघंही शेतात जातो. पोराला टीव्हीसमोर बसवलं नाही तर स्वयंपाक होत नाही. त्याचं काय?

खरं आहे, आणि त्याबद्दल तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून आम्ही बोललो नाही. टीव्ही बंद करा असं म्हणतच नाही. रात्री जेवताना एकदा विचारा, “आज मोटूनं काय केलं?” पोरगं ती गोष्ट मराठीत सांगेल. सांगता सांगता दोन गोष्टी स्वतःच्या घालील. तिथून ती त्याची झाली.

सातवीतली एक मुलगी : फुरफुरीनगरात मुली का नाहीत हे तुम्ही कंपनीला विचारलं का?

(हशा, टाळ्या) नाही विचारलं, बाई. चूक झाली. तू पत्र लिही, मराठीत लिही. पत्ता शोधून द्यायचं काम आमचं.